मिक्सर मेला नाही, कार्बन झिजलाय

खान्देशात मिक्सर बंद पडायला बहुतेक वेळा एकच निमित्त पुरतं: शेवभाजीचा मसाला. भाजलेलं सुकं खोबरं, तव्यावर काळपट केलेला कांदा, लसूण, आलं, आणि पाणी मात्र हात राखून, कारण पातळ वाटण घरात कुणाला चालत नाही. खोबऱ्याला तेल सुटतं, वाटण घट्ट होतं, पातं अडतं, मोटर गुरगुरते, जळका वास येतो आणि सगळं शांत. ‘गेला’ असं जाहीर होतं. मिक्सर माळ्यावर चढतो, पुढच्या बाजारी नवा येतो.

माळ्यावर चढलेल्या अशा वस्तू खाली उतरवण्याचा एक प्रकार आता ठिकठिकाणी होऊ लागला आहे. रविवारची सकाळ, समाजमंदिर किंवा शाळेचा हॉल, पाच-सहा टेबलं, टेबलामागे पक्कड-टेस्टर घेऊन बसलेली माणसं. तुम्ही बिघडलेली वस्तू घेऊन जायचं, त्यांच्या शेजारी बसायचं, आणि ती उघडताना, तपासताना, जमलं तर दुरुस्त होताना बघायचं. मजुरी नाही. सुटा भाग लागला तर त्याचे पैसे तुमचे. कल्पना नेदरलँड्समधून पसरली. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरवलं. बंगळुरूत २०१५ पासून असे मेळावे होतात. युरोपात हे नवल असेल. आपल्याकडे कल्हईवाला, छत्रीवाला, स्टो-रिपेअरवाला दारावर येत असे, त्यामुळे दुरुस्तीचं नवल नाही. नवल आहे ते शेजारी बसून बघण्याचं. दुकानात काउंटरच्या पलीकडे काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि दिसू नये अशीच टेबलाची रचना असते.

भुसावळ-जळगाव भागात अशा कामाला माणसं कमी पडायचं कारण नाही. भुसावळला रेल्वेचं विद्युत इंजिनांचं वर्कशॉप, पलीकडे दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी. या ठिकाणांहून निवृत्त झालेले फिटर, वायरमन, टर्नर गल्लोगल्ली आहेत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी बरंचसं बोअर आणि विहिरींचं, त्यामुळे सबमर्सिबल मोटरचं वाइंडिंग करणारी, म्हणजे तिची तांब्याची गुंडाळी नव्याने भरून देणारी दुकानं तालुक्याच्या गावांत रांगेने सापडतात. त्या दुकानात ज्या पोराने दोन उन्हाळे काढले, त्याला घरचा पंखा म्हणजे खेळणं.

आता ही माणसं नेमकं करतात काय? ती सगळ्या यंत्रांची तज्ज्ञ नसतात. त्यांना ठाऊक असते ती एक साधी गोष्ट: घरगुती वस्तूचा मुख्य भाग सहसा टिकाऊ असतो, बिघाड बहुतेक वेळा कडेला असतो. काही हलतं तिथे, काही तापतं तिथे, किंवा वायर वाकते तिथे. मोटरमधली तांब्याची गुंडाळी वर्षानुवर्षं जागची हलत नाही, ती कशाला बिघडेल? बिघडतो तिच्याकडे वीज नेणारा तुकडा, नाहीतर तिची ताकद पुढे पोचवणारा तुकडा. त्यामुळे तपासणी बाहेरून आत जाते. आधी प्लग, मग वायर, मग स्विच, मग फ्यूज, मग जोडण्या, आणि मोटर सगळ्यात शेवटी. घरी आपण नेमकं उलट करतो. वस्तू बंद पडली की पहिलं वाक्य ‘मोटर जळली असेल’.

नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या काकू नाव-गाव लिहून घेतात आणि विचारतात, “काय व्हयनं, ताई?” हा प्रश्न शिष्टाचाराचा नसतो, अर्धं निदान तिथेच होतं. चालता चालता बंद पडला, की काल ठेवला तेव्हा ठीक होता आणि आज चालूच होईना? आवाज आला की वास आला, की दोन्ही नाही? वास आला असेल तर काहीतरी तापलंय: गुंडाळीवरचं वॉर्निश, कार्बन नाहीतर प्लॅस्टिक. खरखर किंवा शिट्टी असेल तर बेअरिंग, बुश (फिरणारा दांडा ज्यात बसतो ती नळी), कपलर. आवाज नाही, वास नाही, नुसतीच मुकी असेल तर बहुधा कुठेतरी रस्ता तुटलाय. वायर, स्विच, फ्यूज. आणि मधूनच चालते, मधूनच बंद पडते, वायर हलवली की पुन्हा चालते असं कुणी सांगितलं की टेबलावरचे आप्पा हसून कटर हातात घेतात. वायर वस्तूत शिरते त्या मानेजवळ ती रोज वाकते, आतले बारीक तांब्याचे धागे एकेक करून तुटतात आणि वरचं रबर मात्र अभंग दिसतं. इस्त्रीत हे सर्रास. वीतभर वायर कापून नव्याने जोडली की काम झालं. या एकाच बिघाडापायी भंगारात गेलेल्या इस्त्र्या मोजायला बसलं तर वाईट वाटेल.

मग येतो सिरीज बोर्ड. मल्टिमीटर सगळ्यांकडे असतो, पण जुने वायरमन अजून याच्यावरच विश्वास ठेवतात, आणि तो समजला की अर्धी वीज समजते. विजेला जायचा आणि परत यायचा असे दोन रस्ते लागतात. बोर्डावर जायच्या रस्त्यात १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब बसवलेला असतो (हा बल्ब आता शोधूनच आणावा लागतो). बिघडलेली वस्तू या बोर्डाला जोडली की तिच्याकडे जाणारी सगळी वीज बल्बमधून जाते. वस्तूत शॉर्ट असेल, म्हणजे वीज मधल्याच आडवाटेने परत फिरत असेल, तर एरवी धडाम होऊन घरचा फ्यूज उडाला असता. इथे बल्ब फक्त पूर्ण पेटतो, कारण त्याच्यातून जाईल तेवढीच वीज पुढे जाते, जास्तीत जास्त अर्ध्या अँपिअरच्या आत. वस्तूतला रस्ता कुठेतरी तुटला असेल तर बल्ब लागतच नाही. आणि मधला उजेड असेल तर वाचणाऱ्याचं कसब लागतं. चांगला छताचा पंखा जोडला तर बल्ब मंद लागतो आणि पंखा रेंगाळत फिरतो. ९ वॅटचा एलईडी जोडला तर तोच लागतो, बोर्डावरचा बल्ब अंधारातच राहतो. १००० वॅटची इस्त्री मात्र चांगली असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटवते, कारण तिच्या तारेचा अडथळाच बल्बच्या मानाने फार कमी, सुमारे ५३ ओहम. बल्बचा तापलेला असताना जवळपास ५३०. म्हणून इस्त्रीवर पूर्ण उजेड बघून ‘शॉर्ट’ म्हणणारा नवशिका असतो. पंख्यावर पूर्ण उजेड दिसला तर मात्र खरंच काळजी करायची.

मिक्सरकडे परत येऊ, कारण टेबलावर सगळ्यात जास्त तोच येतो. कधी कधी तो उघडावाही लागत नाही. तळाला एक छोटं, बहुधा लाल बटण असतं: ओव्हरलोड स्विच. मोटरवर ताण आला की ते आपणहून बाहेर येतं आणि वीज तोडतं. मिक्सर थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं, मिक्सर चालू. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा जास्त राग दिसतो, कारण हे माहीत नसल्यामुळे त्यांनी वर्षभर पाट्यावर वाटलेलं असतं.

बटणाने काम झालं नाही तर कपलर बघायचा. जारखाली आणि मशीनच्या डोक्यावर जे दातेरी प्लॅस्टिकचं किंवा रबराचं फूल असतं ते. मोटरची ताकद पात्यापर्यंत पोचते ती त्याच्यातून. मुद्दाम कमजोर केलेला भाग आहे हा: पातं अडलं तर त्याचे दाते तुटावेत, मोटर वाचावी. दाते झिजले की मोटर जोरात फिरते, पातं मात्र जागेवर. बऱ्याच मिक्सरमध्ये हा कपलर उलट्या आट्यांवर बसवलेला असतो. नेहमीच्या सैल करायच्या दिशेने जितका जोर लावाल तितका घट्ट होतो. घरी पक्कड घेऊन बसलेल्या उत्साही मंडळींनी तोडलेले कपलर टेबलावर नेहमी येतात.

आणि तिसरा, कार्बन. मिक्सरची मोटर पंख्याच्या मोटरपेक्षा वेगळी असते. तिच्या फिरणाऱ्या भागालाही वीज द्यावी लागते, आणि फिरत्या वस्तूला वायर जोडता येत नाही, पीळ पडेल. म्हणून दोन बाजूंनी कार्बनचे दोन ठोकळे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात आणि फिरणाऱ्या तांब्याच्या चकतीला घासत वीज देतात. मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे अशा वेगाने घासायचं म्हणजे काहीतरी झिजणारच. झिजावं ते स्वस्त, म्हणून ठोकळा कार्बनचा, तांब्यापेक्षा मऊ. तो आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पोचत नाही, आत निळ्या ठिणग्या उडतात, मोटर अडखळते आणि एक दिवस मुकी होते. वाइंडिंग शाबूत, बेअरिंग शाबूत, संपलेला असतो तो कोळशाचा तुकडा, आणि त्याची जोडी साधारण पन्नास रुपयांच्या आत मिळते. माळ्यावरच्या मिक्सरांपैकी किती जणांवर या कारणाने चुकीचा मृत्यूचा दाखला निघाला असेल, कुणास ठाऊक.

मसाल्याबद्दल एक सांगायलाच हवं. घरगुती मिक्सरच्या तळाला किंवा माहितीपत्रकात ‘३० मिनिटं’ असं रेटिंग बऱ्याचदा असतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास असा नाही. साधारण ५ मिनिटं चालवा, २ मिनिटं थांबा, असं करत ३० मिनिटं. खोबऱ्याचं वाटण असेल तर तेवढंही लांबवू नका. थोडं थोडं टाका आणि सुरुवातीला चमचाभर पाणी तरी घाला. शेवभाजीत शेवटी तेच ओतायचंय.

पंख्याची तक्रार बहुतेक एकच असते. उन्हाळ्यात पारा ४४-४५च्या वर गेला आणि पाचवर ठेवूनही पंखा दोनसारखा फिरतो. जाणकार माणूस वरची वाटी खाली सरकवतो आणि एक छोटी पांढरी किंवा काळी डबी काढतो. कपॅसिटर, मेकॅनिकच्या भाषेत ‘कंडेन्सर’. हिचं काम समजून घेण्यासारखं आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. तिने तयार होणारं चुंबकत्वही मागेपुढेच होतं, गोल फिरत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाडाला बांधलेला झोका आठवा. समोरून धक्के दिले तर तो मागेपुढेच जाणार. त्याला गोल फिरवायचा असेल तर तो एका टोकाला जाऊन क्षणभर थांबेल ती वेळ साधून बाजूनेही धक्का द्यावा लागतो. पंख्यात दोन गुंडाळ्या असतात. एक समोरचा धक्का देते आणि कपॅसिटर दुसरीचा धक्का नेमक्या तेवढ्या वेळेच्या फरकाने बाजूने देतो. दोन्ही मिळून चुंबकत्व गोल फिरतं आणि पातीही. कपॅसिटर अगदी गेला तर पंखा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर, ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरू लागतो.

हा कपॅसिटर एकदम मरत नाही. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. विजेचा एखादा झटका आला की पडद्याला भोक पडतं, आणि भोकाभोवतीचा धातू तिथल्या तिथे जळून उडून जातो, म्हणजे शॉर्ट होत नाही. योजना चतुर आहे, पण प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो. डबीवर २.५ मायक्रोफॅरॅड छापलेलं असतं, मीटर लावला तर १.६ दाखवतो. छापलाय त्याच आकड्याचा नवा बसवायचा. ‘मोठा टाका ना भाऊ, जास्त वारा येईल’ हा आग्रह टेबलावर रोजचा. मोठा टाकला तर दुसऱ्या गुंडाळीत जास्त वीज जाते, ती तापते, आणि मग खरंच वाइंडिंग करायची वेळ येते.

कूलरची कथा वेगळी, कारण इथे बिघाड विजेचा कमी आणि पाण्याचा जास्त. कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ करून. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार टाकीतच राहतात आणि दर दिवशी दाट होत जातात. पंपाच्या आतल्या छोट्या चक्रावर पांढरं कवच धरतं, चक्र अडकतं, ‘पंप जळला’. बऱ्याचदा तो जळलेला नसतो. वीज काढून, खालची जाळी उघडून चक्र बाहेर काढायचं आणि लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवायचं, कवच सुटतं. टाकीचं पाणी अधूनमधून पूर्ण ओतून दिलं तर ही वेळच उशिरा येते. नुसती वर भर घालत राहणं म्हणजे क्षार साठवत राहणं.

पण कूलरच्या बाबतीत एका गोष्टीवर टेबलावरचे लोक अडून बसतात आणि बसायलाच हवं. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, बाहेर ओली फरशी, अनवाणी पाय. आतली वायर पत्र्याला टेकली तर तो पत्रा थेट २३० व्होल्टवर असतो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हेच असतं. तिसरी, हिरवी अर्थिंगची वायर याच्यासाठी असते: पत्र्यावर आलेली वीज माणसातून न जाता जमिनीत जावी आणि फ्यूज किंवा ब्रेकर पडावा. दोन पिनांचा प्लग लावलेला लोखंडी कूलर, तो कितीही गार वारा देत असो, दुरुस्त झाला असं कुणी म्हणू नये. म्हणूनच मेळाव्यात वस्तू चालू झाली की काम संपत नाही. शेवटी मेगरने बघतात: आतल्या वायरी आणि बाहेरचा धातू यांच्यात अडथळा किती आहे. १ मेगाओहमच्या खाली दिसला तर वस्तू चालत असली तरी तशी परत दिली जात नाही. मालक नाराज होतो. होऊ दे.

काही वस्तू उघडतच नाहीत. मायक्रोवेव्ह पहिला. त्याच्या आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. सवयीच्या वायरमनलाही तो मारू शकतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी दुसरी. तिला टोचलं, वाकवलं तर पेट घेते, ती ई-कचऱ्यातच द्यायची. गॅसचा रेग्युलेटर एजन्सीकडे. फ्रिजच्या गॅसला हात नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये तो ज्वालाग्राही असतो. आणि एलईडी बल्ब. यूट्यूब पाहून जळालेल्या ठिपक्यावर टाका मारून बल्ब चालू करणारी पोरं गावोगाव आहेत, हुशार आहेत, पण स्वस्त बल्बमध्ये उरलेल्या ठिपक्यांवर ताण वाढतो आणि थोड्याच दिवसांत पुढचा जातो. शिवाय अशा बल्बच्या आतल्या पट्टीवर घरची पूर्ण वीज असते. शिकायला ठीक, वापरायला नको, असं माझं मत.

विजेच्या टेबलांना बाजूला सारून सगळ्यात लांब रांग शिलाई मशीनवाल्या मावशींपुढे असते, आणि तिथेही तोच नियम दिसतो. शाळेच्या दप्तराची चेन लागत नाही म्हणून दप्तर टाकून देतात. दाते ठीक असतात. सैल झालेला असतो तो रनर. त्याचे दोन्ही मागचे कोपरे पक्कडने हलकेच दाबले की चेन लागते. एका मिनिटाचं काम. कुणी टाळ्या वाजवत नाही, पण अशी पंधरा दप्तरं वाचली तर पालकांचे बरेच पैसे वाचतात.

हे सगळं इतकं सोपं असेल तर दुकानदार का करत नाही, हा प्रश्न पडतोच. कारण हिशोब. मिक्सर उघडून, कार्बन बदलून, बंद करून, तपासून द्यायला अर्धा-पाऊण तास जातो. दुकानाचं भाडं, विजेचं बिल धरून त्याने मजुरी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात थोडे घालून नवा येईल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तर पन्नास रुपयांचा तुकडा बदलण्यात रस नसतो, तिथे अख्खा संचच बदलतात. त्यात आता स्क्रूच्या जागी चिकटवलेले सांधे आणि एकदा लागले की न तुटता न निघणारे प्लॅस्टिकचे खटके आले. मेळाव्यातल्या आप्पांचा वेळ फुकट असतो म्हणून हा हिशोब तिथे जुळतो, एवढंच. त्यांनी बाजाराला हरवलं असं समजायचं कारण नाही. सुज्ञ मेळावेवाले वाइंडिंगचं काम स्वतः घेत नाहीत, गावातल्या दुकानाचं नाव लिहून देतात. ज्या वस्तूला खरंच कारागीर लागतो ती त्याच्याकडे जाते, आणि ‘मोटर जळली नाही, नुसतं बेअरिंग आहे’ हे गिऱ्हाइकाला आधीच कळलेलं असतं. काही दुकानदारांना हे आवडत नाही, का ते उघड आहे.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी घेतली. २४ डिसेंबर २०२२ ला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. सुटे भाग, माहितीपुस्तिका, दुरुस्तीची सोय यांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यायची, अशी कल्पना. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्या मिक्सरच्या खोक्यावर वॅट छापलेले असतात, जारची संख्या छापलेली असते. कार्बन बदलता येतो का, हे छापलं तर निवड करणं फार सोपं होईल.

मेळाव्याला जाणार असाल तर मिक्सरसोबत सगळे जार आणा, खरा बिघाड अनेकदा जारच्या तळातल्या बुशमध्ये असतो आणि ज्यांनी फक्त मशीन आणलं त्यांना परत घरी धाडतात. जार धुऊन आणा. कूलर अख्खा आणू नका, पंप आणि मोटर सोडवून आणा. सोडवण्याआधी वायरींच्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा. पंखा उतरवता आला नाही तर वाटीतला कपॅसिटरच घेऊन या, पण मेन स्विच बंद केल्यावर आणि घरात कुणी जाणतं असेल तरच. आणि आधी कुणी उघडून बघितलं असेल, पाहुण्यांनी, भाच्याने, स्वतः तुम्ही, तर टेबलावर ते लपवू नका. उरलेला स्क्रू खिशात असेल तर तोही सोबत द्या.